फणस मराठवाड्यात यावा का? सिद्धेश्वरच्या निमित्ताने

राज्य शासनाने २०१८ साली भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना सुरू केली, तेव्हा अनुदानासाठी निवडलेल्या सोळा फळझाडांत आंबा, पेरू, सीताफळ, मोसंबी यांच्या पंगतीला फणसही होता. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या बागायतदाराला त्यात नवल वाटण्याचे कारण नाही. त्याच्या परसात फणस पिढ्यान्‌पिढ्या उभाच आहे. पण हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यात, पूर्णा नदीवरच्या सिद्धेश्वर धरणाच्या आसपास ज्याची शेती आहे, त्याने ही यादी वाचली तर त्याच्यापुढे एक रास्त प्रश्न उभा राहतो. ज्या झाडाचा जन्म घाटातल्या दाट, ओल्या जंगलातला, ते आपल्या मातीत टिकेल का? टिकले तर परवडेल का? आणि फणस फळही देतो, लाकूडही देतो असे जे सांगितले जाते, त्यावर किती विसंबायचे? सिद्धेश्वर हे फणसाचे गाव नाही. म्हणूनच या प्रश्नाची खरी कसोटी तिथे लागते. फणस जिथे आपोआप येतो तिथे त्याच्याबद्दल काहीही म्हटले तरी झाड उभे राहतेच. माझे मत आधीच सांगतो: फणस या भागात येऊ शकतो, पण प्रत्येक जमिनीत नाही, सलग बाग म्हणून नाही, आणि एकाच झाडातून फळ व लाकूड दोन्ही मिळतील या आशेवर तर मुळीच नाही. हे तीनही नकार कुठून येतात ते पाहिले, की होकाराची जागा नेमकी कुठे आहे तेही कळते.

आधी झाड. पश्चिम घाटाची सदाहरित जंगले हे फणसाचे मूळ घर मानले जाते. वड, उंबर, तुती यांचे आणि फणसाचे कूळ एकच. फांदी मोडली की पांढरा चीक येतो तो त्या कुळाचा वारसा. झाडावर लागणाऱ्या फळांत सर्वांत मोठे फळ फणसाचे, आणि इतके वजन शेंड्याच्या कोवळ्या डहाळीला पेलणार नाही म्हणून ते जुन्या खोडावर, जाड फांद्यांवर, कधी अगदी जमिनीलगत लागते. ज्याला आपण एक फळ म्हणतो ते खरे तर शेकडो फुलांचे एकत्र वाढलेले फळ आहे. जी फुले फळली त्यांचे गरे झाले, जी फळली नाहीत त्यांचे दोऱ्यासारखे चारखंड झाले. नर आणि मादी फुलोरे एकाच झाडावर, पण वेगवेगळे असतात. नर फुलोरा लहान आणि लांबट. त्यावर पिवळे पराग धरतात, गोडसर वास सुटतो, मग तो काळा पडून गळतो. अनुभव नसलेला माणूस या गळतीला फळगळ समजून घाबरतो. परागीभवन कोण करते याचे उत्तर फार उशिरा मिळाले. एक अतिशय लहान माशी हे काम करते असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखवले गेले, आणि ती माशी विज्ञानालाही नवीनच निघाली. हजारो वर्षे माणसाच्या अंगणात वाढलेल्या झाडाची इतकी मूलभूत गोष्ट अलीकडेपर्यंत अज्ञात राहावी, यावरून फणसाकडे किती कमी लक्ष दिले गेले ते कळते. आंबा, द्राक्ष, डाळिंब यांच्या वाट्याला जे संशोधन आले त्याचा छोटा अंशही फणसाला मिळालेला नाही. पुढच्या बऱ्याच अडचणींचे मूळ या उपेक्षेत आहे.

आता सिद्धेश्वरची जमीन. पूर्णा नदी अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावते आणि जालना, परभणी, हिंगोली या जिल्ह्यांतून वाहत गोदावरीला मिळते. पूर्णा प्रकल्पात वरच्या बाजूला जिंतूर तालुक्यातले येलदरी धरण आणि त्याखाली सिद्धेश्वर अशी जोडी १९६०च्या दशकात उभी राहिली. सिद्धेश्वरहून निघालेल्या कालव्याने खालच्या भागाचे पीकच बदलले. वसमतकडे ऊस, केळी आणि हळद उभी राहिली. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागे हे पाणी आहे. वार्षिक पाऊस साधारण ८००-९०० मिलिमीटर, म्हणजे कोकणच्या चौथाईच्या आसपास, आणि तोही चार महिन्यांत पडून मोकळा होणारा. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांपर्यंत चढतो. नदीकाठाला आणि कालव्याच्या पट्ट्यात खोल काळी जमीन, तर औंढ्याच्या बाजूला टेकड्यांच्या उतारांवर हलकी, मुरमाड, पाणी न धरणारी जमीन. या दोन जमिनींतला फरक पुढच्या सगळ्या विवेचनाचा कणा आहे, म्हणून तो इथेच लक्षात ठेवावा.

पहिला आक्षेप सरळ आहे. हे पावसाळी जंगलाचे झाड, त्याला कोरड्या मुलखात आणणे म्हणजे त्याचे हाल करणे. ऐकायला हे बिनतोड वाटते, पण देशाच्या नकाशावर ते टिकत नाही. कर्नाटकातला तुमकुरू जिल्हा हिंगोलीपेक्षाही कोरडा आहे. तिथला पाऊस ६००-७०० मिलिमीटरच्या घरात. तरी तुमकुरूचा फणस बेंगळूरूच्या बाजारात मानाने विकला जातो. बेंगळूरू ग्रामीणमधल्या दोड्डबळ्ळापूर तालुक्यातल्या तुबगेरेचा फणस तर स्वतःच्या नावाने ओळखला जातो. यावर कोणी म्हणेल की तो मुलूख समुद्रसपाटीपासून ८०० मीटर उंच, तिथला उन्हाळा सौम्य, त्याची तुलना मराठवाड्याच्या उन्हाशी कशी होईल? हा आक्षेप वजनदार आहे, पण त्याचे उत्तर उत्तरेत मिळते. पूर्व उत्तर प्रदेश आणि बिहारच्या मैदानात फणस भरपूर आहे. तिथे त्याला कटहल म्हणतात आणि मुख्यतः भाजीसाठी वाढवतात. तिथला उन्हाळा ४५ अंशांपर्यंत जातो, लू वाहते, आणि जानेवारीतली थंडी परभणीच्या थंडीपेक्षाही बोचरी असते. एकीकडे कमी पाऊस, दुसरीकडे जास्त ऊन, आणि दोन्हीकडे फणस. म्हणजे पाऊस आणि ऊन या दोन्ही गोष्टी एकेकट्या त्याला अडवत नाहीत.

मग अडवते काय? तुमकुरूची लाल पोयट्याची जमीन आणि गंगेचा खोल गाळ या दोहोंत एक गुण समान आहे: पाणी मुळांशी साचत नाही. घाटातही पाऊस प्रचंड पडतो, पण जांभ्याच्या उतारावरून तो वाहून जातो. फणसाला डोक्यावरच्या पाण्याची ददात नाही. पायाशी तुंबलेले पाणी मात्र त्याला सोसत नाही. मुळांशी पाणी काही दिवस साचले की झाड पिवळे पडते आणि बघता बघता मरते. सिद्धेश्वरच्या कालव्याखालची खोल काळी जमीन नेमके हेच करते. ऑगस्ट-सप्टेंबरात ती चिकट होऊन पाणी धरते आणि एप्रिल-मेमध्ये भेगाळून कोवळी मुळे तोडते. फणसासाठी याहून वाईट जोडी शोधून सापडणार नाही. त्यामुळे ‘कालवा आहे, पाणी आहे, मग फणस लावा’ हा सोपा वाटणारा सल्ला उलटाच ठरेल. जिथे पाणी मुबलक तिथली माती चुकीची, आणि जिथली माती बरोबर तिथे पाणी विहिरीचे आणि मोजके. होकाराची पहिली जागा इथे सापडते: औंढ्याकडच्या मुरमाड उतारावर, विहिरीच्या किंवा शेततळ्याच्या आसऱ्याने, जिथे पहिली तीन-चार वर्षे उन्हाळ्यात झाडाला ओल देता येईल आणि पावसाळ्यात पाणी आपोआप निघून जाईल. त्या वर्षांत रोपाला दुपारच्या उन्हापासून आडोसा लागतो. तुरीची किंवा शेवरीची ओळ पश्चिमेला असली तरी पुरते. मूळ खोल गेले की झाड स्वतःचे स्वतः बघते.

दुसरी अडचण जातीची आहे, आणि माझ्या मते महाराष्ट्राच्या फणसाचे खरे दुखणे इथे आहे. गार्सिया द ओर्ताचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यात फणसाच्या दोन प्रकारांची नोंद आहे. आज साडेचारशेहून जास्त वर्षांनी कोकणात आणि गोव्यात विचारले तरी उत्तर दोन प्रकारांचेच मिळते: घट्ट, कुरकुरीत गऱ्यांचा कापा आणि रसाळ, घशात घसरणाऱ्या गऱ्यांचा बरका. याच काळात आंब्याचे काय झाले ते बघावे. पोर्तुगिजांच्या काळात गोव्यात आंब्याची कलमे बांधली गेली, हापूस नावाला आला, आणि एका झाडाचा गुण हजारो झाडांत जसाच्या तसा उतरू लागला. फणस मात्र आठळीपासूनच वाढत राहिला. आठळीचे झाड आईसारखे निघेलच असे नाही. गोड कापा फणस खाऊन त्याची आठळी लावावी आणि सात-आठ वर्षांनी पाणचट बरका पदरात पडावा, हे कोकणात नेहमीचे आहे. शिवाय आठळी साठवता येत नाही. फळातून काढल्यावर ती थोड्याच आठवड्यांत रुजण्याची ताकद गमावते. कधी कधी तर पिकलेल्या फळाच्या पोटातच तिला मोड आलेले दिसतात. अशा बियाण्यातून खात्रीचे रोप दूरच्या जिल्ह्यात पाठवणे अवघडच.

त्यामुळे मराठवाड्यात फणस यायचा असेल तर तो कलमातून आणि नावाने यावा. यासाठी लांबचे उदाहरण द्यायची गरज नाही. केसर आंबा मूळचा गुजरातच्या जुनागढ-गीरचा. मराठवाड्याने तो कलमाने आणला, वाढवला, आणि २०१६ साली ‘मराठवाडा केसर’ या नावाने त्याला भौगोलिक मानांकन मिळवले. परका आंबा इथला झाला, कारण प्रत्येक झाडाचे फळ कसे निघेल हे लावणाऱ्याला आधीच ठाऊक होते. फणसातही अशी नावे आता आहेत. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण प्रॉलिफिक’ ही कापा जात दिली. तमिळनाडूत पालूर आणि पेचिपारै इथल्या केंद्रांनी आपापल्या निवडी पुढे आणल्या. सिद्धेश्वरच्या दृष्टीने सर्वांत बोलके उदाहरण तुमकुरूचे आहे. तिथल्या एका शेतकऱ्याच्या झाडावर तांबूस गऱ्यांचा, सुमारे अडीच किलोचा फणस लागतो. बेंगळूरूजवळच्या हेसरघट्टा इथल्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने तो हेरला, ‘सिद्दू’ या नावाने कलमे तयार केली, आणि कलमविक्रीच्या उत्पन्नातला ७५ टक्के वाटा त्या शेतकऱ्याला देण्याचा करार केला. कोरड्या जिल्ह्यात तगलेले झाड, घरी न्यायला सोपे फळ, आणि मूळ झाड राखणाऱ्याला पैसा! कोकणातल्या वाड्यावाड्यांत असे किती फणस नावाशिवाय उभे असतील, हा विचार अस्वस्थ करणारा आहे.

कलम बांधणे हे काही गूढ काम नाही. फणसाचे मृदकाष्ठ कलम करताना काही महिन्यांच्या रोपाचा शेंडा कापतात, खोडाला मधोमध बोटभर चीर देतात, निवडलेल्या झाडाची तेवढ्याच जाडीची काडी खालून पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवतात, पट्टीने घट्ट आवळतात आणि वर पिशवीची टोपी घालतात. अडचण चिकाची. काप घेतल्याबरोबर चीक येतो, आणि तो पुसून काडी चटकन बसवली नाही तर सांधा धरत नाही. म्हणून आंब्याच्या कलमात तरबेज असलेल्या माळ्यालाही फणसात सुरुवातीला कमी यश येते आणि रोपवाटिका फणसाच्या नादी लागत नाहीत. दुसरी अडचण सोटमुळाची: पिशवीत फार दिवस राहिलेल्या रोपाचे मूळ तळाशी गुंडाळते आणि असे झाड मुरमात कधीच खोल जात नाही. शेतकऱ्याने कलम घेताना वरच्या पालवीपेक्षा पिशवीच्या बुडाकडे आधी पाहावे. चांगले कलम तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळावर येते. आठळीच्या झाडाला याच्या दुप्पट वाट पाहावी लागते.

झाड आले, फळ लागले, विकायचे कसे? इथे तिसरा आक्षेप येतो, आणि तो कोकणच्याच अनुभवावर उभा आहे. कोकणात फणस वाया जातो, तर मराठवाड्यात तो कोण घेणार? कोकणातल्या नासाडीचे कारण फळाच्या चवीत नाही, वेळेत आणि मेहनतीत आहे. फणस मे-जूनमध्ये एकदम पिकतो, तोवर पाऊस येतो आणि फळ पाणचट होते. शिवाय तो फोडायचा तर हाताला आणि विळीला तेल लावा, मधला पाव काढा, चीक कागदाने पुसा, चारखंडातून एकेक गरा सोडवा, आठळ्या वेगळ्या धुवा. दहा किलोच्या फळातून खायला मिळतो तो भाग निम्म्याहूनही कमी. शहरातल्या घरात हे करायला कोणी बसत नाही. पण हा सगळा आक्षेप पिकलेल्या फळाला लागू आहे. बिहार-उत्तर प्रदेशातला कटहल आणि कोकणातली कुयरी, म्हणजे कोवळा फणस, हा वेगळा माल आहे. कोवळा फणस भाजी म्हणून तोडला की पिकण्याची घाई नाही, पावसाची भीती नाही, आणि तोडणी फेब्रुवारी-मार्चपासून सुरू होऊ शकते, जेव्हा इतर भाज्या महाग होऊ लागतात. फळे लवकर उतरवल्याने झाडावरचा भारही कमी होतो, आणि कोरड्या भागात ही गोष्ट मोलाची आहे.

मराठवाड्याच्या स्वयंपाकघरात फणसाच्या भाजीची सवय नाही हे खरे. पण सिद्धेश्वरची बाजारपेठ फक्त हिंगोलीपुरती नाही. नांदेडला हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यामुळे उत्तरेकडच्या लोकांची सतत ये-जा असते, आणि कटहल त्यांच्या ताटातला आहे. त्याहून मोठी बाजारपेठ हैदराबादची. तेलुगू घरांत कोवळ्या फणसाचा कीस करून परतलेली भाजी आवडीची, आणि लग्नाच्या पंगतीत फणसाची बिर्याणी मानाची. पूर्णा जंक्शन आणि नांदेडवरून जाणारी रेल्वे या मुलखाला हैदराबादशी आधीपासून जोडते. वसमतच्या केळीने बाहेरचा बाजार शोधला, तसा कुयरीला शोधता येईल. फक्त तो हंगामाआधी शोधावा, फळे उतरवल्यावर नाही. कच्च्या फणसाच्या पिठाचा मधुमेहावर गुण येतो अशी जाहिरात अलीकडे जोरात आहे. त्यामागे एक नेटका अभ्यास आहे: २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रुग्णांना बारा आठवडे रोज ३० ग्रॅम पीठ दिले आणि रक्तातल्या साखरेचा तीन महिन्यांचा निर्देशांक तुलनेच्या गटापेक्षा खाली आला. पण त्या चाचणीत माणसे चाळीसच होती. एवढ्या आधारावर कोणी शेतकऱ्याला पिठाच्या कारखान्याचे स्वप्न दाखवत असेल तर त्याने सावध राहावे. कोवळा फणस चांगली भाजी आहे, आणि लागवडीचा विचार करायला एवढे पुरेसे आहे.

लाकडाचा मुद्दा मी मुद्दाम उशिरा घेतला, कारण फणसाबद्दलची सर्वांत मोठी गफलत त्यात आहे. लाकूड उत्तमच आहे. तासले की पिवळेधमक दिसते, वर्षांनी तपकिरी होते, वाळवीला सहसा दाद देत नाही. कोकणातल्या जुन्या घरांत फणसाचे खांब आणि दारे अजून शाबूत दिसतात. तंजावरची वीणा आणि मृदंगाचे खोड फणसाचेच. आग्नेय आशियातल्या बौद्ध भिक्षूंची चीवरे रंगवायला याच लाकडाचा भुसा उकळत. हे सारे खरे. पण ज्या झाडाचे लाकूड चांगले निघते ते झाड आठळीचे, उंच आणि सरळ वाढलेले असते. ज्या झाडाचे फळ खात्रीचे ते कलमी, बुटके आणि खालपासून फांद्या फुटलेले. कलमी झाडाचा तर शेंडा आपणच छाटतो, कारण फळ हाताला यावे लागते. एकाच खोडाकडून दोन्ही मागणे म्हणजे त्याला दोन विरुद्ध दिशांनी वाढायला सांगणे. शेतकऱ्याने लावतानाच ठरवावे: हे झाड फळाचे की लाकडाचे.

कायद्याची बाजूही आहे. राज्याच्या १९६४च्या झाडतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत साग, खैर, मोह, चिंच, आंबा, जांभूळ यांच्याबरोबर फणस आहे, म्हणजे स्वतःच्या शेतातला फणसही परवानगीशिवाय तोडता येत नाही. श्रीलंकेने १९५१ साली असाच कायदा करून फणस, निरफणस आणि मादी ताड यांच्या तोडीवर बंधन घातले. त्या देशात फणस हे भुकेच्या काळातले अन्न होते, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आर्थर डायस यांनी घरोघर फणस लावण्याची मोहीम उभारली होती, म्हणून त्या बंधनामागे लोकमतही होते. आपल्याकडे हेच बंधन कधी कधी उलटे फिरते: तोडता येणार नाही ते लावायचेच कशाला, असा हिशेब होतो. कायदा काढून टाकावा असे मी म्हणणार नाही. फळ विकले जात नाही तेव्हा झाड लाकडाच्या भावाने जाते, आणि कोकणातले नाव नसलेले चांगले फणस असेच संपतात. तिथे हे बंधन हवेच. पण ज्याने लाकडासाठी म्हणून झाड लावले त्याला लावतानाच नोंद करण्याची सोय हवी. २०२१पासून राज्यभर चालू असलेल्या ई-पीक पाहणीत बांधावरच्या झाडांची नोंद शेतकरी स्वतः करू शकतो. त्याच नोंदीला तोडीची परवानगी जोडली तर पुढची अर्धी यातायात वाचेल.

बांधाचा उल्लेख आला तसा बागेला माझा विरोध का, तेही सांगतो. मराठवाड्यात सलग फळबागेची खरी परीक्षा दुष्काळात होते. २०१२-१३च्या दुष्काळात जालन्याच्या मोसंबीच्या बागा वाळल्या, शेतकऱ्यांनी टँकरने पाणी घालून काही वाचवल्या, बऱ्याच तोडल्या. सोयाबीन गेले तर एक हंगाम जातो; बाग गेली तर दहा वर्षे जातात. येलदरी-सिद्धेश्वरचे पाणी येलदरी भरण्यावर अवलंबून आहे, आणि येलदरी दरवर्षी भरत नाही. टंचाईच्या वर्षी पिण्याचे पाणी आधी, मग उन्हाळी पाळ्या, हा क्रम योग्यच आहे, पण त्यात फळबागेचा नंबर शेवटी लागतो. विहिरीवरच्या चार-सहा झाडांना घरातले सांडपाणी, दोन-चार घागरी घालून जगवता येते. एकरभर झाडांना नाही. म्हणून फणस बांधावर, विहिरीच्या थारोळ्याजवळ, परसात असावा. आणि एकटा नसावा, दोन-तीन वेगवेगळ्या जातींची झाडे जवळ असावीत, म्हणजे एकाचे नर फुलोरे गळून गेले तरी दुसऱ्याचे परागासाठी असतील. अडचण अशी की फुंडकर योजना कोकणाबाहेर किमान ०.२० हेक्टर सलग लागवड मागते. यादीत फणस आहे, पण मराठवाड्यात तो ज्या स्वरूपात जगेल त्या स्वरूपाला त्या योजनेत जागा नाही. रोजगार हमीतून बांधावरची लागवड घेता येते, ती वाट अधिक बरी. फक्त तिथे ‘फणसाचे रोप’ एवढे लिहून न थांबता कलम आणि त्याची जात लिहिणे सक्तीचे व्हावे.

शेवटचा आक्षेप मला सर्वांत पटणारा आहे. इथली झाडे इथे असताना फणस हवाच कशाला? बीडचे सीताफळ मुरमाडावर विनापाण्याचे येते आणि त्याला २०१६ पासून मानांकन आहे. जांभूळ तर ज्या ओलसर काळ्या जमिनीत फणस मरतो तिथे आनंदाने वाढते. चिंचेला आणि मोहाला कोणी पाणी घालत नाही, आणि लाकूडही त्यांचे चांगलेच आहे. बांधावर पाच झाडे लावायची असतील तर पहिली तीन यांतलीच असावीत, याबद्दल मला शंका नाही. फणसाची बाजू एवढीच की या सर्वांची फळे पिकल्यावरच खपतात आणि ती भाजी नव्हेत. कोवळा फणस उन्हाळ्यात भाजीच्या बाजारात उभा राहतो, तिथे त्याची गाठ सीताफळाशी नाही, तर बाहेरून येणाऱ्या भाज्यांशी आहे. म्हणून तो चौथे झाड म्हणून यावा, पहिले म्हणून नाही.

हे सगळे अनुमान आहे, आणि ते शेतात तपासायला हवे. परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ सिद्धेश्वरहून लांब नाही, आणि दापोलीकडे कलमे आणि अनुभव दोन्ही आहेत. दोन्ही विद्यापीठांनी मिळून औंढा तालुक्यात कोकण प्रॉलिफिक, सिद्दू आणि बिहारकडची एखादी भाजीची जात अशी तीन प्रकारची कलमे मुरमाड उतारावर, मध्यम जमिनीत आणि मुद्दाम खोल काळ्या जमिनीतही लावून पाहावीत. कोणते कलम कुठे मेले, किती पाण्यावर जगले, कुयरी कोणत्या महिन्यात तोडायला आली आणि नांदेडला काय भाव मिळाला, याची नोंद किमान दहा वर्षे ठेवावी. कलमे जूनच्या अखेरीस, पहिले दोन चांगले पाऊस झाल्यावर लावावीत, आणि पहिली मोजणी उन्हाळ्यापर्यंत न थांबवता त्याच सप्टेंबरात करावी. काळ्या जमिनीतले कलम जायचे असेल तर ते तेव्हाच जाते.